शनिवारी अकराचा क्लास

लातुरात दार लावून बसायला एकच कारण चालतं, ते म्हणजे अभ्यास. डोकं दुखतंय म्हणून दार लावलं तर बाम घेऊन चार जणी आत येतात. झोप यावी म्हणून लावलं तर 'झोपलीस का गं' हे विचारायला उठवतात. नवरा-बायकोचं भांडण असेल तर दार लावायचा प्रश्नच येत नाही, मिटवणारे आधीच आत येऊन बसलेले असतात. पण आत कोणी अभ्यास करतंय एवढं कळलं की अख्खी गल्ली दबक्या पावलांनी चालते. या शहराने इतके डॉक्टर उगाच नाही तयार केले.

मला आठवड्यातून एक तास असं बंद दार हवं होतं, आणि वय होतं सत्तेचाळीस.

हवं का होतं ते आधी सांगते. मला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला मी डोळे मिटून डोंगरावर बसलेली दिसले असावे. प्रत्यक्षात माझी अडचण उलटी आहे. मला स्वतःत मग्न होताच येत नाही. ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारचा मिक्सर, एकाच वेळी बोलणारी तीन माणसं, कोणाच्या तरी पैंजणाचं एकच सुटं घुंगरू, हे सगळं सारख्याच मोठ्या आवाजात आत येतं. डोक्यात जणू एक आवक-जावक कारकून बसलाय आणि येईल त्या आवाजाला तो क्रमांक देत सुटतो. कोणताच कागद परत पाठवत नाही.

मी स्वतः सरकारी कार्यालयात आवक-जावकलाच बसते, त्यामुळे हा कारकून मला चांगला ओळखीचा आहे. त्याच्यावर ताबा म्हणून मी याद्या करते. मयताच्या घरी गेल्यावर म्हणायची वाक्यं वेगळी. लग्नात भेटणाऱ्यांना विचारायचे प्रश्न वेगळे: तब्येत, पाऊस, मुलांचं शिक्षण, आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने निघायचं. बाकीच्यांना हे आपोआप सुचतं असं मी ऐकून आहे. लोक म्हणायचे, बाई लई टापटीप. टापटीप कशाला लागते, हे कोणी विचारलं नाही, आणि मलाही वाटायचं की सगळेच घरून याद्या पाठ करून येतात.

मग कार्यालयाची दुरुस्ती निघाली. शाखांमधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला. माझं टेबल इतकी वर्षं दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये होतं, ते हॉलच्या बरोबर मधोमध आलं. सगळे खूश झाले, हवा खेळती राहते म्हणून. मी घरी येऊन दिवा न लावता न्हाणीघरात बसायला लागले. घरच्यांबरोबर जेवणं बंद झालं. मग रजा. मग पुन्हा रजा. शेवटी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, दोन प्रतींत, फक्त तारखेची जागा मोकळी ठेवून. तो माझ्या नवऱ्याच्या हाती लागला. ते शिक्षक आहेत, निलंग्याला रोज अप-डाऊन करतात. त्यांनी उभ्या-उभ्याच वाचला आणि म्हणाले, "आधी दवाखाना, मग अर्ज."

दवाखाना नांदेडचा निवडला. नांदेड माझं माहेर, पण निवडण्याचं कारण ते नव्हतं. लातुरात डोक्याच्या डॉक्टरांच्या पायरीवर कोणी पाहिलं तर मी पायरी उतरायच्या आत खबर आमच्या गल्लीत पोचली असती. म्हणून आम्ही बस धरून लांब गेलो, आणि तिथं बाकावर अर्धापूरची माझी मावशी बसलेली. तीसुद्धा कोणी पाहू नये म्हणून गाव सोडून नांदेडला आलेली.

"तू कशी काय इथं?" ती म्हणाली.

"काम होतं. तू?"

"माझं बी कामच."

डॉक्टरांच्या नावाच्या पाटीखाली आम्ही दोघी मायलेकींसारख्या बसलो आणि पावसावर बोललो. तिचा नंबर आधी लागला. बाहेर आल्यावर तिनं पिशवीतली केळी माझ्या ओटीत टाकली आणि हळूच म्हणाली, "आपण काय भेटलो न्हाई." मी म्हटलं, "कोण तुम्ही?" त्या दिवशी दवाखान्यात हसलेल्या आम्ही दोघीच होतो.

डॉक्टरांनी बरंच विचारलं, मला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं, आणि मग काय आहे ते सांगितलं. गोळी देऊन जाईल असं हे काही नाही, म्हणाले. पण मोठ्या वयात ज्यांना हे कळतं अशा माणसांबरोबर काम करणाऱ्या एक बाई आहेत, ऑनलाइन. आठवड्यातून एक तास बोलायचं. बोलता येत नसेल त्या दिवशी स्क्रीनवर चित्र काढायचं. तेही मर्जी असली तर. एक अट मात्र होती: त्या तासात खोलीत दुसरं कोणी नको.

परतीच्या बसमध्ये मी आणि नवरा फक्त त्या अटीवर बोललो.

घरी आमच्याशिवाय माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या बिलोली तालुक्यातल्या, शाळा चौथीपर्यंत, पण 'घरातलं अभ्यासाचं वातावरण' या विषयात त्यांना डॉक्टरेट द्यायला हरकत नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या मेडिकलची तयारी करणाऱ्या पोरींना भाड्यानं दिलेल्या आहेत आणि त्यांच्या शांततेचं खातं आत्यांकडे. भाजीवाल्याचा भोंगा आमच्या कोपऱ्यावर आला की आपोआप बंद होतो. कोपऱ्यावरच्या एका वाढदिवसाचा स्पीकर त्यांनी स्वतः जाऊन काढायला लावला होता आणि येताना केक खाऊन आल्या होत्या. मात्र या सगळ्या बंदोबस्तात आवाज त्यांचाच सर्वांत मोठा असतो. त्या शांतता ओरडून प्रस्थापित करतात.

त्यांना काय सांगायचं हे आमचं ठरेना. शनिवारी सुट्टी असते म्हणून अकराची वेळ घेतली, हॉस्टेलला असलेल्या मुलीचा जुना टॅब आणि लॅपटॉप मांडला, आणि 'ऑफिसचं काम आहे' असं पुटपुटून मी दार लावलं.

पडद्यावर एक पस्तिशीच्या बाई. मागे पांढरी भिंत, एक कुंडी.

"आज कुठून सुरुवात करूया?" त्यांनी विचारलं.

"मुद्दा क्रमांक एक," मी म्हटलं. मी टिपण करून बसले होते. "कार्यालयातील आसनव्यवस्था."

"मुद्दे थोडा वेळ बाजूला ठेवून बघायचं का?"

"मग बोलायचं कशावर?"

"आत्ता मनात जे येतंय त्यावर."

"आत्ता मनात येतंय की ती कुंडी प्लॅस्टिकची आहे का."

त्यांनी मागे वळून पाहिलं. "खरी आहे. पाणी घालायचं राहिलंय."

"घालून या. मी थांबते."

त्या खरंच उठल्या, तांब्या आणला, पाणी घातलं, परत येऊन बसल्या. 'हे तुम्हाला का सांगावंसं वाटलं' असं विचारलं नाही. तेव्हाच मी ठरवलं की या बाई चालतील.

मधे त्यांनी एकदा विचारलं, "हे सांगताना आत काय होतंय?" मी म्हटलं, "आत सकाळचं उपीट आहे." त्यावर त्या गप्प बसल्या. पुढं कळलं की गप्प बसणं हा त्यांच्या धंद्यातला मोठा भाग आहे. सरकारी नोकरीत एवढं गप्प बसलं तर कारणे दाखवा नोटीस येते.

तास संपला, मी दार उघडलं. दारात आत्या. हातात स्टीलचा पेला, त्यात बदाम घातलेलं दूध. वरच्या पोरींना परीक्षेच्या दिवशी देतात ते. घर इतकं शांत होतं की मला फ्रिज ऐकू येत होता. कुकर गॅसवर होता आणि गॅस बंद होता.

"लेखी होती का तोंडी?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मला आधी कळेना. मग उलगडलं. त्या दाराला कान लावून बसल्या होत्या. आत एक बाई प्रश्न विचारतेय, सून उत्तर देतेय, मधेच सून अडखळतेय आणि बाई थांबून वाट बघतेय. लातुरात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला याचा दुसरा अर्थ लागणं शक्यच नव्हतं.

"तोंडी," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मग मघाशी गप कामून झालीस? येत नसलं तरी थोडं-थोडं बोलावं. मार्क देतेत."

मी दूध प्याले. नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, सांगितलंस का आईला? मी म्हटलं, आईनंच मला सांगितलं, मी क्लास लावलाय. ते हसायला लागले आणि मग म्हणाले, राहू दे की, कोणाचं काय जातंय. माझाही हिशेब तोच होता. शनिवारी अकरा ते बारा कुकर नाही, टीव्ही नाही, दारावर हाक नाही. जगातली कुठलीच थेरपी मला हे मिळवून देऊ शकली नसती. आत्यांच्या एका गैरसमजाने दिलं. असा फुकट मिळालेला गैरसमज दुरुस्त करायला जाणं मला शहाणपणाचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

चित्राचं प्रकरण जरा उशिरा सुरू झालं. आठवडाभर लोकांशी बोलून झाल्यावर काही शनिवारी माझी जीभच हलत नाही. अशा एका शनिवारी पडद्यावरच्या मॅडम म्हणाल्या, "आज काढायचंय का काही? ऐच्छिक आहे."

मी टाइप करून विचारलं, "ऐच्छिक म्हणजे सोडलं तर मार्क जातात का?"

"मार्क नाहीत."

"मग तपासणार कोण?"

"कोणीच नाही."

न तपासता सुटणारा कागद मी नोकरीत कधी पाहिलेला नव्हता. काय काढावं सुचेना. फुलं, डोंगर, सूर्य मला चौथीतही जमले नव्हते. मग मी आमच्या कार्यालयाचा नकाशा काढला, वरून दिसेल तसा, पट्टीचं साधन वापरून. खिडक्या, दारं, टेबलं. आणि जिथून जो आवाज येतो तिथं त्या आवाजाएवढा रंगाचा गोळा. साहेबांची बेल लाल. झेरॉक्सचं मशीन मळकट हिरवं. लेखा शाखेतल्या बाईंच्या बांगड्या पिवळ्या. शिपायाचं स्टूल फरशीवर ओढलं जातं तिथं एक जांभळी रेघ. मला एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं. जीभ न हलवता मी अख्ख्या कार्यालयाची तक्रार करून घेतली.

मॅडम पडद्यावर ते बघत होत्या. म्हणाल्या, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी चित्र काढतेय," मी टाइप केलं.

"हो. पण ऑफिसात असता तेव्हा?"

मी पाहिलं. शिपायाचं स्टूल काढलं होतं, पाण्याचा माठ काढला होता, माझं टेबल राहिलं होतं. काढायला गेले तर जागा नव्हती. हॉलच्या मध्यावर सगळे गोळे एकमेकांवर चढून काळपट तपकिरी चिखल झाला होता. मी त्या चिखलात एक छोटा पांढरा चौकोन काढला. तो टिकला, पण कसाबसा.

"रोज इथं बसता?" मॅडमनी विचारलं.

"सव्वासहापर्यंत."

यानंतर त्या जे गप्प बसल्या, ते धंद्यातलं गप्प बसणं नव्हतं. स्वतःच्या त्रासाचं एवढं सरळ चित्र मी पहिल्यांदा बघत होते आणि मला रडू येण्याऐवजी राग आला. चांगला, कामाचा राग.

त्या सोमवारी रंगीत प्रिंट काढून साहेबांपुढं ठेवली. नकाशात एक कोपरा पांढरा राहिला होता, जुन्या रेकॉर्डच्या कपाटांमागचा. टेबल तिथं हलवा, म्हटलं. साहेबांनी गोळे बघितले, गंभीर झाले आणि विचारलं, "आग लागल्यावर बाहेर पडायचा नकाशा का हा?" मी म्हटलं, तसाच काहीसा. त्यांनी लगेच सही केली. कोपऱ्यात एक उंदीर होता, पण तो शांत होता. अर्जावरची तारखेची जागा मोकळीच राहिली.

आता घराचा नकाशा काढायला घेतला. तो कधी चार रेघा, कधी दोन गोळे असा सावकाश होत होता. एके दिवशी टॅब जेवणाच्या टेबलावर राहिला आणि मी ऑफिसातून आले तर आत्या आणि समोरच्या वहिनी त्याच्यावर वाकलेल्या. या वहिनी आमच्या बुद्धविहारातल्या महिला मंडळाचं सगळं बघतात. गल्लीतली कोणतीही बातमी त्यांच्या परवानगीशिवाय पुढं जात नाही.

"हे काय काढलंय म्हणायचं?" वहिनी विचारत होत्या.

"पेशी हाय," आत्या म्हणाल्या. वरच्या पोरींच्या वह्यांत त्यांनी पेशी बघितलेल्या.

"मला तर किडनी वाटली."

"किडनी फुडच्या धड्यात असती."

"कोणती परीक्षा म्हणायची ही?"

"मोठी हाय," आत्या म्हणाल्या. "आकृत्या काढाव्या लागतात. बोलून बी दाखवाव्या लागतात."

वहिनींनी माझ्याकडं आदरानं बघितलं. पुढच्या आठवड्यात ऑफिसात एकानं विचारलं, मॅडम, खात्याच्या परीक्षेला तर तुम्हाला वयाची सूट मिळालीय, मग हा अभ्यास कशाचा चालू आहे? मी म्हटलं, सामान्य ज्ञान.

हे असंच चाललं असतं. पण लातुरात क्लास लावला की निकाल लागावा लागतो, आणि निकाल लागला की सत्कार.

निकालांच्या दिवसांत महिला मंडळ विहाराच्या सभागृहात गल्लीतल्या यशस्वी मुलांचा सत्कार करतं. पुष्पगुच्छ, एक पेन, स्पीकर, आणि कोपऱ्यावर सगळ्यांच्या फोटोंचा फ्लेक्स. वहिनी मला रस्त्यात भेटून म्हणाल्या, "तुझा फोटो आत्यांनी दिलाय. लेकरांपुढं दोन शब्द बोलावं लागतील. या वयात शिकून राहिली म्हणल्यावर लेकरांना बी जोर येईल."

"पण माझा निकाल कुठं लागलाय?"

"आत्या म्हणल्या, लागतोयच."

फोटो कोणता दिलाय ते घरी येऊन बघितलं. चुलत दिराच्या लग्नात डीजेसमोर उभी असतानाचा. दाढ काढताना कोणी फोटो काढला तर चेहरा तसाच येईल.

नवरा म्हणाले, आपोआप मिटेल. मी म्हटलं, फ्लेक्स आपोआप मिटत नाही, तो फाटेपर्यंत राहतो. विहारात मी रोज सकाळी वंदनेला बसते त्या बायकांसमोर, माईक हातात धरून, न दिलेल्या परीक्षेचा पुष्पगुच्छ घेणं मला जमणार नव्हतं. आणि सांगितलं तर दार जाणार होतं. अभ्यासाचं दार वेगळं, डोक्याच्या डॉक्टरचं वेगळं. दुसऱ्याला गल्लीत कडी नसते.

तरी सांगितलं. रविवारी दुपारी आत्या तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, मी टॅब घेऊन समोर बसले.

"आत्या, मी परीक्षेला बसलेली न्हाई."

"आता भिऊन काय उपयोग? एकदा बसलं की निघून जातं."

"परीक्षाच न्हाई. त्या मॅडम नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या हायत. डोक्याच्या."

आत्यांनी सूप खाली ठेवलं. "येड लागलंय का तुला?"

"न्हाई. जन्मापासून असंच हाय."

"मग लग्नात कामून न्हाई सांगितलं?"

"मला बी आत्ता कळलं."

त्यांनी मला खालीवर बघितलं, नवीन घेतलेल्या वस्तूत खोट निघाल्यावर बघतात तसं. मी टॅब पुढं केला. "हे आपलं घर हाय. कुठून किती आवाज येतो, ते."

"पेशी न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवत विचारायला लागल्या. "हा पिवळा?"

"मिक्सर."

"हे निळं-निळं?"

"वरच्या पोरींच्या चपला."

"आन हा लाल? एवढा?"

"तुम्ही."

त्यांचं बोट त्या गोळ्याच्या कडेनं फिरलं. तो स्वयंपाकघरातून निघून बैठकीपर्यंत आला होता.

"टीव्हीपेक्षा मोठी?"

"टीव्ही बंद करता येतो, आत्या."

त्यांनी सूप उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. ताट वाढायच्या, नजर भिंतीवर. घर एवढं शांत मी कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या शांततेचा मला मिक्सरपेक्षा जास्त त्रास झाला. तिला कोणता रंग द्यायचा ते काही ठरलं नाही.

शनिवार आला. मी दार लावलं आणि दहा मिनिटांत कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. बाहेर टीव्ही लागला. भाजीवाल्याचा भोंगा आमच्या खिडकीखाली उभा राहून कांद्याचा भाव सांगायला लागला. मॅडम काही तरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. मग दार उघडलं आणि समोरच्या वहिनी आत आल्या. त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. त्या माझ्या खांद्यावरून पडद्यात वाकल्या.

"नमस्कार मॅडम. आमची ही पास होती का न्हाई?"

मॅडम म्हणाल्या, "नमस्कार. आम्ही जरा दोघीच बोलतोय."

"बोला की, मी बसते," असं म्हणून वहिनी पलंगावर बसल्या. फ्लेक्स छापायला टाकायचा होता, त्यांना नाव आणि पदवी हवी होती.

मी लॅपटॉप मिटला. त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही. न्हाणीघरातल्या फरशीचा गारवा आठवतो. दुपारी कपाटातून अर्ज काढला आणि मोकळ्या जागेत सोमवारची तारीख घातली. टेबल कोपऱ्यात गेलं म्हणून ऑफिस सुसह्य झालं होतं, पण ते कोपऱ्यात न्यायची अक्कल मला या तासातून आली होती. तास गेला तर पुढची भिंत पडेल तेव्हा मी कुठं जाणार, याचं उत्तर माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. नवऱ्याने तारीख बघितली. आईकडं एकदा बघितलं आणि बाहेर गेले.

रविवारी सकाळी वहिनी पुन्हा आल्या. मी स्वयंपाकघरात होते. आत्या वऱ्हांड्यात होत्या.

"दुसरा फोटो द्या आत्या. ह्याच्यात तर रडून राहिली ती."

"तो बी वापस दे."

"कामून?"

"गेली तिची परीक्षा."

"अगं बाई. निकाल कधी लागला?"

"सकाळी. ऑनलाइन लागतो."

"किती मार्कांनी गेली?"

"थोडक्यात गेली. काल तोंडी होती. तू मधी जाऊन पलंगावर बसलीस."

मी कणीक मळता मळता थांबले. लातुरात माणूस कर्ज बुडवून परत गल्लीत राहू शकतो. चालू परीक्षेत आत जाऊन बसलेल्या बाईला मात्र जागा नाही.

"मला काय ठाव," वहिनी पुटपुटल्या. "दार तर उघडंच होतं."

"कडी न्हवती. ती आता बसवून घेतो."

"मग आता?"

"आता काय. रिपीट करणार."

"ह्या वयात?"

"वरची पोरगी तिसऱ्या बारीला बसून राहिली. हिला काय धाड भरली? शनिवारी अकरा ते बारा कुनी यायचं न्हाई. मंडळाच्या बायांना बी सांग."

वहिनी फोटो ठेवून गेल्या. आत्या आत आल्या, परातीत डोकावल्या आणि कणकेला पाणी जास्त झालंय म्हणाल्या. आठवडाभरानंतरचं ते पहिलं वाक्य.

"आत्या, तुम्हाला पटलं का मग?"

"मला काय बी कळलं न्हाई. तुझे कान दुखतेत का मन दुखतंय, ते बी न्हाई कळलं. पण तू तारीख टाकून ठेवलीस म्हणून पोरगा रातभर जागा होता." मग परातीकडं बघत म्हणाल्या, "आन तसलं तोंड कोपऱ्यावर लटकवायचं म्हणजे माझीच इज्जत जाती. वरीसभर मिळालं तुला. बघ काय करायचं ते."

सोमवारी मी अर्ज न घेता कार्यालयात गेले. मंगळवारी त्यावरची तारीख मागची झाली. आमच्याकडं मागच्या तारखेचा कागद आवकला घेत नाहीत, आणि आवकला मीच बसते.

पुढच्या शनिवारी अकराला वहिनी स्वतः कोपऱ्यावर उभ्या होत्या आणि भाजीवाल्याला हातानंच गप्प करत होत्या. त्यांना त्यांचं पाप फेडायचं होतं. मी मॅडमना झालेलं सगळं सांगितलं. त्या आधी व्यावसायिक चेहऱ्यानं ऐकत होत्या, 'थोडक्यात गेली' पर्यंत तो चेहरा टिकला, मग त्यांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. हात काढला तेव्हा डोळे पुसत होत्या. "म्हणजे आता आपल्याला अख्खं वर्ष आहे," त्या म्हणाल्या. घराच्या नकाशात त्या दिवशी मी माझी खोली काढली आणि आत खुर्ची काढली. चिखल तिथपर्यंत येत नव्हता.

बाराला नवी कडी काढून बाहेर आले. आत्या टॅब मागायला हात पुढं करून उभ्याच होत्या. त्यांनी नकाशा बघितला, दारावरची कडी दाखवलीय का ते तपासलं, आणि मग बोट पुन्हा त्या लाल गोळ्यावर आलं.

"रिपीटला तरी मला जरा बारीक काढ," त्या म्हणाल्या.

"आवाज कमी करा, काढते."

"ते न्हाई जमायचं," आत्या म्हणाल्या आणि वरच्या पोरींना जेवायला हाका मारायला जिन्याकडं गेल्या.